समान शाळा, पण वेगळ्या!

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात क्लॅरेंडन नावाचा जिल्हा आहे. १९४९-५० च्या सुमारास तेथे गोऱ्या मुलांसाठी तीस शालेय बसगाड्या धावत होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च होत, काळ्या मुलामागे ४३. पालकांनी आरंभी मागितली ती केवळ एक बस. तीही नाकारली गेली, तेव्हा ते न्यायालयाची पायरी चढले. दाव्याला ज्याचे नाव मिळाले त्या हॅरी ब्रिग्जची पेट्रोलपंपावरील नोकरी गेली आणि त्याच्या पत्नीचीही गेली.

मे १९५१ मध्ये चार्ल्स्टन येथे तीन न्यायमूर्तींपुढे सुनावणी सुरू झाली आणि राज्याच्या वकिलाने प्रारंभीच कबूल करून टाकले की, शाळा समान नाहीत. हा प्रामाणिकपणा होता असे कोणी समजू नये. ती पळवाट होती! तीन टक्के विक्रीकर बसविला आहे, साडेसात कोटी डॉलरचे रोखे काढावयाचे आहेत, शाळा सुधारतो, मुदत द्या. मग तक्रार कसली? दावा दाखल होईपर्यंत ज्यांना या शाळांची छपरे दिसली नव्हती, त्यांना ती एकाएकी गळताना दिसू लागली. दोघा न्यायमूर्तींनी हे मान्य केले, मुदत दिली आणि विभक्त शाळा कायम ठेवल्या.

तिसरे न्यायमूर्ती वेटीझ वेअरिंग यांनी एकट्याने भिन्नमत लिहिले. फिर्यादी भिंती आणि बाके मागावयास आलेच नव्हते. वेगळे काढणे हीच विषमता आहे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. हे विष पहिलीच्या वर्गातच रोखले पाहिजे, पदवीच्या महाविद्यालयात नव्हे, हे त्यांचे म्हणणे तर कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याने पाठ करावे.

वेअरिंग हे कोणी बाहेरचे क्रांतिकारक नव्हते. चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातील आठव्या पिढीचे हे गृहस्थ साठी उलटेपर्यंत त्याच समाजात सुखाने नांदले होते. १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड या गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिकाचे डोळे पोलिसांच्या मारहाणीत गेले; तो खटला त्यांच्याच न्यायासनापुढे चालला आणि गोऱ्या ज्यूरीने आरोपी अधिकाऱ्यास सोडून दिले. तेथून त्यांची दृष्टी पालटली. घटस्फोटानंतर समाजाने वाळीत टाकले म्हणून त्यांनी सूड उगवला, अशी कुजबूज त्यांचे विरोधक करीत. करोत बापडे! सुडाने लिहिलेला युक्तिवादही खोडून काढावा लागतो, आणि तो कोणी खोडला नाही.

त्या लोकांनी जे भोगले त्याच्याशी आम्ही सीमाभागीय आमच्या दुःखाची बरोबरी करीत नाही; तसे करणे अशोभनीय ठरेल. परंतु ‘रस्ते दिले, दिवे दिले, आता मागणी कशाला?’ हा प्रश्न आमच्या कानांना अपरिचित नाही. मूळ हक्काच्या जागी सोयींची यादी पुढे करणारा प्रत्येक सत्ताधीश त्या वकिलाचाच भाऊबंद होय.

१९५२ मध्ये वेअरिंग निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेले. जन्मगावी राहणे अशक्य झाले होते. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी शालेय वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. निर्णय झालेल्या दाव्यांत ब्रिग्जचा दावाही होता. १९६८ मध्ये वेअरिंग यांचा देह चार्ल्स्टनला परत आला, तेव्हा दफनास जमलेले बहुतेक लोक कृष्णवर्णीय होते, गोरे मोजकेच. तेथील न्यायालयाच्या इमारतीस त्यांचे नाव देण्यास २०१५ साल उजाडले.