छोट्या मोटारीने शिकवलेला प्रश्न

गेल्या पावसाळ्यात मी एक मोटार बांधली. खरीखुरी नव्हे, तळहातावर मावेल एवढी. फ्रान्समधल्या मोल्सहाईम गावच्या कारखान्यात तयार झालेली बुगाटी टाइप ३५ ही शर्यतीची गाडी ३ ऑगस्ट १९२४ रोजी लिऑनच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरली. तिची ही प्रतिकृती, १:२४ या प्रमाणात. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २४०० मिलिमीटर, माझ्या गाडीत ते १००. हिशेब सोपा, म्हणूनच ही गाडी निवडली हे कबूल करतो.

"या वयात हे काय खूळ?" असे घरातून विचारले गेलेच. खरे सांगायचे तर माझाच रक्तदाब वाढू लागला होता. रुग्णांना 'एखादा छंद लावून घ्या' असे सांगणारा मी स्वतः मात्र दवाखाना बंद झाला की टीव्हीपुढे बसत होतो. दुसऱ्याला दिलेला सल्ला एकदा स्वतः घेऊन पाहावा, असे वाटले.

सुताराकडून लाकडाचा तुकडा आणला. तो पॉलिश पेपरने घासून गाडीचा आकार दिला. धूर सोडणारा पाइप झाला मुदत संपलेल्या, सीलबंद पाकिटातल्या सलाईनच्या नळीचा. (वापरलेली नळी किंवा सुई कोणीही खेळासाठी घेऊ नये, तो धोकादायक कचरा आहे.) चाकांच्या आठ चपट्या आऱ्या गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीतून कापल्या. बॉनेटवर आवळायचा चामडी पट्टा जुन्या घड्याळाच्या पट्ट्यातून निघाला. चाळिशीचा चष्मा असूनही आऱ्या नीट दिसेनात, तेव्हा बाजूने चांगला दिवा लावला आणि दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहायची सवय केली. डोळे शिणणे थांबले. झोपही बरी लागू लागली. इथवर सारे छान होते.

मग रंगाची पाळी आली. त्या काळी शर्यतीच्या गाडीचा रंग देशावरून ठरे. इटलीची लाल, इंग्लंडची हिरवी, फ्रान्सची निळी. निळ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणि थिनरची बाटली आणली. रंगाचे पातळ हात एकावर एक द्यायचे असतात. जुलैची संध्याकाळ, बाहेर पाऊस. ओल्या रंगावर शिंतोडे आणि धूळ बसू नये म्हणून मी खिडकी लावून घेतली. तासाभरात कपाळ ठणकू लागले, मळमळले, गरगरले. सौभाग्यवती नाकाला पदर लावून आत आल्या आणि मला ओट्यावर नेऊन बसवले. अर्ध्या तासात मोकळ्या हवेने बरे वाटले, गोळी लागली नाही.

ओट्यावर बसल्या बसल्या एक मुलगा आठवला. वीस-बावीस वर्षांचा. दोन महिन्यांत तीनदा आला होता. प्रत्येक वेळी एकच तक्रार, "डोकं दुखी ऱ्हायनं साहेब." मी रक्तदाब पाहिला, नंबर तपासून घ्यायला सांगितले, एकदा पित्ताची गोळी दिली, दोनदा डोकेदुखीची. त्याच्या नखांत रंग होता. तो मी तिन्ही वेळा पाहिला होता, पण विचारले नव्हते.

डॉ. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमी विचारतो त्या प्रश्नांत आणखी एक प्रश्न घालावा, असे त्याने सांगितले : तुम्ही धंदा काय करता? वैद्यकीय कॉलेजात हे आम्ही परीक्षेपुरते वाचले. मला ते कळायला खेळण्यातली मोटार लागली.

चौथ्यांदा तो आला तेव्हा विचारले, "काय काम करस रे भाऊ?" महामार्गालगतच्या एका गॅरेजात तो ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना स्प्रे मारत होता. धूळ बसू नये म्हणून शटर खाली ओढून. म्हणजे मी खिडकी लावली त्याच कारणासाठी! मी एक तास कोंडून घेतले, तो रोज आठ-दहा तास. सुट्टीच्या दिवशी डोके दुखते का, असे विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, नाही. निदान तेवढ्यात झाले.

थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रव्ये असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. थोडी हुंगली तर डोकेदुखी, चक्कर, मळमळ. वर्षानुवर्षे हुंगली तर विसराळूपणा, चिडचिड, हातापायांना मुंग्या. मोटारींच्या काही रंगांत जो हार्डनर मिसळतात, त्यातल्या आयसोसायनेटने दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल कण अडवेल, वाफ अडवत नाही.

म्हणून गॅरेजमालकांना कळकळीची विनंती. समोरासमोर हवा खेळेल अशा जागी स्प्रे मारा, पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा, पोराला कोळशाच्या फिल्टरचा मास्क द्या आणि फिल्टर वेळेवर बदला. हार्डनरच्या रंगाला तेवढा मास्कही पुरत नाही, तिथे बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते, पाणी लावून घासा. हात थिनरने किंवा पेट्रोलने धुऊ नका, आधी गोडेतेल चोळा, मग साबण लावा. रंगाजवळ विडी नको. पोळ्याला बैलांची शिंगे ऑइलपेंटने रंगवणाऱ्यांनीही गोठ्यात न रंगवता अंगणात रंगवावीत.

१९४८ च्या कारखाना कायद्यात शिसे आणि बेंझिन वर्गातल्या द्रव्यांची विषबाधा डॉक्टरने सरकारला कळवावी, अशी तरतूद होती. पण दोन-चार माणसांचे गॅरेज कारखान्याच्या व्याख्येतच बसत नव्हते. अशा पोराची चौकशी करणारा गावचा डॉक्टर तेवढा उरतो, आणि तोच विचारत नसेल तर दुसरे कोण विचारणार? आम्ही विसरलो, तर तुम्ही आपण होऊन सांगा. काय काम करता, किती तास करता आणि सुट्टीला बरे वाटते का.

लिऑनच्या त्या पहिल्या शर्यतीत बुगाटी मागे पडली. इंजिन उत्तम होते, दगा टायरांनी दिला. आम्हीही त्या पोराच्या डोक्यात दोष शोधत बसलो, आणि दोष होता तो श्वास घेत असलेल्या हवेत.

मोटारीचे उरलेले हात मी उघड्या ओट्यावर, ऊन पडल्यावर दिले. निळ्या रंगात दोन-चार धुळीचे कण बसले आहेत. ती दवाखान्याच्या टेबलावर उभी असते, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच. आणि केसपेपरवर नाव आणि वयाच्या खाली आता एक ओळ वाढली आहे : व्यवसाय.