हप्ता आईचा, यादी कुणाची?

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच मागणी, "आई, गेमिंगचा पीसी हवा." सुटे भाग आणून जुळवला तर तयार पीसीपेक्षा स्वस्त पडतो, हे मुलांना पाठ असतं. आमच्या बचत गटातूनही यासाठी कर्ज उचललं जातं. हप्ता बाई फेडते, पण यादी ठरवतात मुलगा आणि दुकानदार. मला हे पटत नाही. आमच्यातल्या एकीला मदरबोर्ड एका जातीचा अन् रॅम दुसऱ्या जातीची मिळाली. सील फोडलं म्हणून दुकानदार परत घेईना.

मैत्रिणींनो, "आपल्याला काय कळतंय त्यातलं," असं म्हणूच नका. एका कंपनीच्या मिक्सरवर दुसरीचं भांडं बसत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं? इथेही तसंच. प्रोसेसर जिथे बसतो ते सॉकेट. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड लागतो आणि त्यावर डीडीआर४ रॅम. ७६०० ला एएम५, त्यावर फक्त डीडीआर५. दोन्ही रॅमची खाच वेगळी, दाबूनही बसत नाही. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीचं सॉकेट एकच, पण बोर्ड दोन्ही तऱ्हेचे मिळतात. तेव्हा खोक्यावरचं वाचायचं. जुना बी४५० बोर्ड असेल तर ५६०० साठी त्याचं बायोस अपडेट लागू शकतं. ते दुकानातच करून घ्यावं.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून बजेट आणखीच ताणलं गेलं. मग कात्री कुठे लागते? पॉवर सप्लायला! कॅबिनेटबरोबर एक हलका, बिननावाचा डबा "फ्री" म्हणून मिळतो. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच १७० वॅट खातं आणि त्यासाठी कंपनी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. आपल्याकडे विजेचं येणं-जाणं कसं, ते सांगायला नको. हलका सप्लाय जळताना महागडा बोर्ड, कार्डही घेऊन जाऊ शकतो. इथे हजार-दीड हजार वाचवू नका. हवं तर ते रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे कमी करा. (दिव्यांनी गेम जोरात पळतो म्हणे!)

पैसे फारच कमी असतील तर ५६०० ऐवजी ५६००जी घ्यावा. त्यात ग्राफिक्स आतच असतं, हलके गेम चालतात, कार्ड पुढच्या वर्षी. साध्या ५६०० ला कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर तीच गत. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, तेही विचारा.

आणि पक्कं बिल आपल्याच नावावर घ्या. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.