ट्रॉलीचा मागचा दिवा



पहाटे नंबर लागावा म्हणून कापसाची ट्रॉली रात्रीच जिनिंगकडे निघते. मागचे दिवे बंद. त्यावर येऊन आदळणारा मोटारसायकलवाला बहुधा आपल्याच शिवारातला असतो. रेडियमची पट्टी चिकटवून भागत नाही. ती धुळीने माखते आणि ब्रेक लागला हे सांगत नाही.

बल्ब, फ्यूज बदलून थकलेले ट्रॅक्टरवाले आम्ही पाहतो. दोष बहुतेक वेळा अर्थचा. दिव्यांचा परतीचा करंट हूक आणि पिनच्या भरवशावर सोडलेला. तिथे गंज, ग्रीस, माती. इंडिकेटर दिला की टेल लाइटही लुकलुकतो, ती हीच खूण. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर ट्रॉलीच्या चेसिसला, रंग खरवडून, टेकवा. दिवे नीट लागले तर अर्थच खराब. मग सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर ओढा आणि बोल्टने आवळा. तरीही नाही लागले, तर सॉकेटच्या हिरव्या पडलेल्या पिना घासा, दांडीखाली सोललेली वायर शोधा.

खरे तर हे काम ट्रॉली बांधणाऱ्याचे, असे आमचे मत आहे. तो लोखंडाचा हिशेब किलोवर मांडतो आणि वायरिंगला 'वरचे काम' म्हणतो. नवी ट्रॉली घेताना सगळे दिवे लागलेले पाहिल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.