वाईनला दिवाणखाना, मोहाला कोठडी

मागच्या महिन्यात आम्ही जामसरहून एसटीने नाशिकला गेलो. एम.ए.चे जुने मित्र रात्री एकाच्या फ्लॅटवर जमणार होते. दुपारीच पोहोचलो, म्हणून पायी फिरलो. सीबीएस, रविवार कारंजा, मग पूल ओलांडून पंचवटी. काळाराम मंदिरासमोर थांबलो. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या सत्याग्रहींसाठी हीच दारे बंद होती. तिथून गंगापूर रोडला आलो, तर आमच्या वेळच्या चहाच्या टपरीच्या जागी काचेची इमारत. शहर खूपच बदलले आहे, असे वाटले. रात्री तेवढे वाटले नाही.

मित्राने वाईन उघडली. आम्ही पाणी घेतले. "अरे, ही दारू थोडीच आहे!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "तुम्ही लोक आधी तिकडच्या आदिवासींची दारू सोडवा. पितात, म्हणून तर मुले कुपोषित."

हे बोलणारा समाजशास्त्र शिकलेला आहे, म्हणून जास्त लागले. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुले दगावली, ती उपासमारीने आणि वेळेवर न मिळालेल्या उपचारांनी. तिथे रोजगार नव्हता, रस्ता नव्हता. हे सगळे दारूच्या नावावर टाकले की सरकारही सुटते आणि आपणही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. कारण सांगितले शेतकऱ्याचे हित. वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही तेव्हा ऐकवले गेले. आणि पाड्यावरच्या बाईकडे मोहाचा एक कॅन सापडला तर? १९४९ चा दारूबंदी कायदा, पोलीस, तारखा. त्याच कायद्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो; त्या फ्लॅटवर कुणाच्या खिशात तो होता? ब्रिटिशांनी १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवर निर्बंध आणले, तेव्हा त्यांचा डोळा महसुलावर होता. (जव्हार तेव्हा मुकण्यांचे संस्थान.) द्राक्ष बागाईतदाराचे, मोह जंगलातल्या माणसाचा. भेद मद्यात नाही, मालकात आहे.

मग आम्ही का पीत नाही? १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पाचवे शीलही तेच सांगते. त्यात वाईनला सूट नाही. पण त्याच बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी उठवा, बुडणारा महसूल वाचवा, अशी मागणी केली होती. ज्यांना यात विसंगती दिसते, त्यांनी नीट वाचावे. शील स्वतःसाठी असते. गरिबाच्या पाठीवर मारायची ती काठी नव्हे. दारूने मोडलेली घरे आम्ही रोज पाहतो, त्या बायकांसोबत बसतो. त्यांना पोलिसांची धाड नको असते, नवऱ्याला बारमाही काम हवे असते.

हे सगळे आम्ही त्या रात्री बोललो. थोडे चढ्या आवाजात, हे कबूल. वाईनवाला मित्र गप्प झाला. मग त्याने विचारले, द्राक्षबागेत खुडणीला तुमच्याकडची माणसे येतात का. येतात, आम्ही म्हणालो. मार्चमध्ये मोह फुलतो, तेव्हा त्याला जामसरला बोलावले आहे. पहाटे टोपली घेऊन निघावे लागते, हेही सांगून ठेवले आहे.