नियम सेलमध्ये पुरू नका

शासनाचा निर्णय कागदावर निघतो. पण नागरिकाच्या हाती पडणारी रक्कम पुष्कळदा एक्सेलच्या एखाद्या सेलमध्ये ठरते. त्या सेलमधील सूत्र कुणी लिहिले, केव्हा लिहिले, ते कोणत्या आदेशाशी जुळते, हे विचारण्याची शिस्त मला प्रशासनात अभावानेच दिसली. हा दोष संगणकाचा नाही, प्रशासनाचा आहे.

उदाहरण घेऊ. शेतकरी झाशी जिल्ह्यातील बिजौलीचा असो की यवतमाळचा, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळणाऱ्या पीकनुकसानीच्या मदतीचे केंद्राचे निकष दोघांना सारखेच. २०१५ ते २०२० या काळासाठी कोरडवाहू क्षेत्राचा दर हेक्टरी ६,८०० रुपये होता. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी तो ८,५०० झाला. नुकसान किमान ३३ टक्के हवे आणि मदत २ हेक्टरांच्या मर्यादेत. म्हणजे दीड हेक्टर कोरडवाहू जमिनीवर ४० टक्के नुकसान झाले, तर जुन्या दराने १०,२०० आणि नव्या दराने १२,७५० रुपये होतात.

आता हाच नियम पाच हजार ओळींच्या तक्त्यात सूत्राच्या पाच हजार प्रती काढून पसरलेला आहे अशी कल्पना करा. दर बदलला आणि मधल्या दोनशे ओळींत ६,८०० तसाच राहिला, तर दिसणार कुणाला? सेल फक्त उत्तर दाखवतो. बिजौलीच्या शेतकऱ्याचे २,५५० रुपये बुडतात आणि यादीवर सही मात्र रीतसर होते.

उपाय नवा नाही. नियम एकाच ठिकाणी फंक्शन म्हणून लिहावा आणि सेलमधून त्याला फक्त बोलवावे. फंक्शनला क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, सिंचनाचा प्रकार आणि आपत्तीची तारीख द्यावी. त्याने रक्कम परत करावी. तारखेवरून कोणता दर लागू, हे तेच ठरवील. एक्सेलमध्ये व्हीबीएच्या साहाय्याने ही सोय १९९३ पासून आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये बेसिक भाषेतील फंक्शन थेट सेलमधून बोलावता येते आणि त्या फंक्शनमार्फत पायथनचा कोडही चालवता येतो. पायथन ३ मध्ये तर फंक्शनला 'मदत' असे देवनागरी नावसुद्धा देता येते. म्हणजे नियम ज्या भाषेत निघाला, त्या भाषेतच तो वाचता येईल.

यावर आक्षेप ठरलेला आहे: 'कोड लिहिणारा बदलून गेला तर?' मी उलट विचारतो, सूत्र लिहिणारा लिपिक बदलून जातो तेव्हा काय होते? फंक्शनच्या माथ्यावर आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहिता येतो. पाच हजार सेलांच्या माथ्यावर काय लिहिणार? आणि चुका केवळ लिपिकाच्याच होतात असेही नाही. रेनहार्ट व रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या शोधनिबंधात सरासरीच्या सूत्राने पाच देश वगळले होते. ही चूक २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याला सापडली, तीही मूळ तक्ता हाती आल्यावरच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो मात्र खरा आहे. मॅक्रोमधून विषाणू पसरतात, म्हणूनच इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. तसेच २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'पायथन इन एक्सेल'चे गणित त्या कंपनीच्या क्लाउडमध्ये होते. शेतकऱ्यांची नावे व बँक खाती विचार न करता तिकडे पाठवणे मला मान्य नाही. पण याचा अर्थ फंक्शन नको असा होत नाही. ते तपासलेले, अधिकृत आणि कार्यालयातील संगणकावरच चालणारे हवे, इतकाच होतो.

म्हणून माझा आग्रह असा: दर ठरवणाऱ्या प्रत्येक आदेशासोबत विभागाने त्याचे फंक्शनही प्रसिद्ध करावे आणि दहा-बारा नमुना उत्तरे सोबत द्यावीत. आपण महाराष्ट्राबाहेर जिथे असाल, तिथल्या कार्यालयालाही हे मागता येईल. कारण ज्या नियमाने आपली रक्कम ठरते, तो वाचण्याचा अधिकार आपला आहे. तो सेलच्या आड दडवण्याचा अधिकार कुणालाच नाही.