चोकच्या जागी बल्ब: ‘जुगाड’ म्हणणाऱ्यांना उत्तर

१/ चोक जळाला आणि नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वायरमनने त्याच्या जागी साधा बल्ब जोडून ट्यूबलाइट पेटवली, की लोक त्याला ‘जुगाड’ म्हणतात. हा शब्द कौतुकाने वापरला तरी अन्यायकारकच आहे. त्यात तंत्राविषयीचे अज्ञान आहे आणि जबाबदारीतून सुटण्याची पळवाटही.

२/ ट्यूबमधील पाऱ्याच्या वाफेतून वीज वाहू लागली की तिचा रोध घटत जातो आणि प्रवाह बेसुमार वाढू पाहतो. त्याला आवर घालणारे काहीतरी मालिकेत जोडावेच लागते. चोक हे त्याचे एक साधन, बल्बची तार हे दुसरे.

३/ हे दुसरे साधन अडाणीपणातून निघाले, असे मानणाऱ्यांनी फिलिप्सचा १६० वॅटचा एमएल दिवा आठवावा. त्याला वेगळा चोक लागत नसे. काचेच्या आतच टंगस्टनची तार पाऱ्याच्या नळीशी मालिकेत जोडलेली असे. कंपनीने केले तर अभियांत्रिकी आणि वायरमनने केले तर जुगाड, हा कुठला न्याय?

४/ या जोडणीत दोष आहेतच. चार फुटी ट्यूबला १०० वॅटचा बल्ब जोडला, तर त्या बल्बातच सुमारे ४० वॅट खर्ची पडतात. तांब्याच्या चोकमध्ये १०-१५. स्टार्टर उघडताच चोक जो उच्च दाबाचा झटका देतो, तो बल्ब देऊ शकत नाही. म्हणून ट्यूब पेटायला कुरकुरते. उघड्या जोडांचा धोका निराळाच.

५/ पण मुळात चोक का जळतो? दाब घसरला की ट्यूब पेटत नाही, स्टार्टर मिचमिचत राहतो. दर खेपेस चोकमधून वाढीव प्रवाह जातो, चोक तापतो आणि ट्यूबची टोके काळवंडतात.

६/ १९४८ साली मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले, २००५ मध्ये महावितरण आले. नावे बदलली, लांबलचक वाहिनीच्या शेवटच्या टोकावरच्या गावाचे दैन्य मात्र सहजी बदलले नाही. कमी दाबाची किंमत ग्राहकाने मोजली, आणि बोल लागला तो दुरुस्ती करणाऱ्यालाच.

७/ मिनामाता करारानुसार २०२७ अखेरपर्यंत पाऱ्याच्या ट्यूबलाइटचे उत्पादन व आयात-निर्यात थांबायची आहे. ट्यूब इतिहासजमा होईल. त्या इतिहासात या जोडणीची नोंद ‘दुरुस्ती’ म्हणून व्हावी, आणि ती कोणाच्या कसुरीमुळे करावी लागली, हेही त्याच ओळीत लिहिले जावे.