शेजारधर्म काय एकट्यानेच पाळायचा?

"शेजाऱ्याविरुद्ध पोलिसांत? शोभतं का?" नाशिकमध्ये सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत कुठल्याही सोसायटीत हा उपदेश तयार असतो. तो ऐकावा लागतो तक्रार करणाऱ्याला. रात्री साडेअकराला वूफर लावणाऱ्याला शेजारधर्म शिकवायला कोणी जात नाही.

दुसरा युक्तिवाद: "तो स्वतःच्या घरात वाजवतो." घर त्याचं, पण स्लॅबमधून उतरणारी धमधम आमच्या घरात येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. खासगी जागेतली साउंड सिस्टिम असली तरी त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. म्हणजे 'माझं घर' ही सबब कायद्यानेच निकालात काढली आहे.

"ढोलाच्या गावात राहून आवाजाची तक्रार?" असंही म्हणतात. नाशिक ढोलाचा आम्हालाही अभिमान आहे. तो मिरवणुकीत वाजतो, दहावीच्या मुलाच्या उशाशी नाही.

"पोलीस काही करत नाहीत, उलट नाव फुटतं," ही भीती मात्र खोटी नाही. पण तिच्यावरही उपाय आहे. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की भोंग्यांच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख उघड करू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३८ नुसार आसपासच्या रहिवाशांना त्रास होत असेल, तर आवाज बंद करायला लावण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. पोलीस ढिम्म राहतात ते बहुतेकदा तक्रार तोंडी असते म्हणून.

तेव्हा आधी समोरासमोर सांगा. ऐकलं नाही तर तारीख-वेळ लिहून ठेवा, रेकॉर्डिंग करा, रात्री ११२ लावा, सकाळी ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अंदाजापुरतं. खरा पुरावा पोलिसांच्या मोजणीचा. तरीही थांबलं नाही, तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. मात्र तान्ह्या बाळाचं रडणं नि सकाळचा मिक्सर सोसायलाच हवा. तिथे कायदा काढणारा स्वतःच उपद्रवी.

जिन्यातली हमरीतुमरी, पाण्याचा कॉक बंद करणं, गाडीची हवा सोडणं यांनी शेजार कायमचा नासतो. लेखी अर्जाने फार तर आठवडाभर अबोला येईल. म्हणून भांडू नका, अर्ज करा. आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.